संध्याकाळच्या पार्टीला जेवणात काय ठेवायचं: गोव्यातल्या घरासाठी तव्याचा, नारळाचा आणि घड्याळाचा हिशोब

घरच्या पार्टीचा बेत बहुतेक वेळा आवडीच्या पदार्थांच्या यादीने सुरू होतो. शाकुती (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्याचा रस्सा) हवीच, इसवण (सुरमई) तर पाहिजेच, सुंगटांची (कोळंबीची) भजी, मिरचीची भजी, सोलकढीशिवाय कसं, आणि गोड म्हणून मणगणं (चणाडाळ, गूळ आणि नारळाच्या रसाची खीर). यादी दहा-बारा पदार्थांवर जाते. मग साडेसातला पाहुणे सोप्यावर येऊन बसलेले असतात आणि आत दोन शेगड्यांवर पाच भांडी चढवायची असतात. पहिली भजी मऊ पडते, शेवटचा मासा तळून होईपर्यंत भात निवतो, घरातली दोन माणसं रात्री दहापर्यंत बाहेर दिसतच नाहीत. यातला एकही पदार्थ चवीला वाईट झालेला नसतो. सगळं अडतं ते शेवटच्या अर्ध्या तासात. म्हणून बेत ठरवताना पाहुणे आल्यानंतर शेगडीवर नेमकं काय करावं लागणार, हे आधी लिहून काढा आणि त्यावरून पदार्थ निवडा.

वार, तिथी आणि येणारी माणसं

गोव्यात पार्टीचा मेनू अर्धा तरी पंचांग ठरवतं. सोमवारी अनेक हिंदू घरांत मासळी शिजत नाही, काहींचा गुरुवार किंवा शनिवार असतो. श्रावण, चतुर्थीचे दिवस, एकादशी आणि मार्गशीर्षातले गुरुवार यांना सरसकट शाकाहारी बेत करणं सोपं पडतं, दोन-दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत. कॅथलिक शेजारी येणार असतील तर इस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांतले शुक्रवार लक्षात ठेवा. त्या दिवशी मांस टाळतात, मासे चालतात. रमजानमध्ये मुस्लिम मित्रांना बोलावलं असेल तर रोजा सुटण्याची वेळ विचारून घ्या आणि त्या वेळेला खजूर, पाणी आणि फळं तयार ठेवा. कोंबडी हलाल दुकानातून आणली तर ती सगळ्यांनाच चालण्याची शक्यता जास्त. डुकराचं किंवा गाईचं मांस मिश्र मंडळींच्या टेबलावर न ठेवलेलं बरं. चोरिस-पाव (डुकराच्या मांसाचं सॉसेज आणि पाव) ठेवायचाच असेल तर वेगळ्या ताटात, वेगळ्या चमच्यासकट, आणि काय आहे ते स्पष्ट सांगून.

मासळीचं वेळापत्रक समुद्राकडे आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बाजारात नदीची मासळी, होडीवाल्यांची थोडी मासळी, बर्फातली आणि बाहेरून आलेली मासळी असते, आणि भाव चढलेले असतात. पंचवीस माणसांना पुरेल इतकं ताजं इसवण जुलैत मिळेल असं धरून बेत करू नका. पावसाळ्याचा बेत पावसाळ्याच्या जिनसांवर करावा: नीरफणसाचे काप, फागलांचे (कर्टुल्यांचे) काप, अळंबीची शाकुती, सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर). अळंबी मिळाली तर तीच त्या दिवसाचा मुख्य पदार्थ समजावी. पण रानातली अळंबी ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या, स्वतः तोडून आणलेली पाहुण्यांना वाढू नका.

आमंत्रण देतानाच फोनवर तीन गोष्टी विचारा. घरातले शाकाहारी किती? त्यांतले कांदा-लसूण न खाणारे किती? सुंगटं-कुर्ल्या, शेंगदाणे किंवा काजू कुणाला बाधतात का? तिसरा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण सुंगटांची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याच तेलात तळलेला बटाट्याचा कापसुद्धा त्रास देऊ शकतो.

किती वाजता, बसून की उभ्याने

साडेपाच-सहाला बोलावलं तर लोक चहाच्या तयारीने येतात. त्यांना पाच-सहा तुकडे खारं, एक गोड आणि चहा-सरबत पुरतं, आणि साडेसातला ते निघतात. सात-साडेसातला बोलावलं की प्रत्येक जण जेवण धरूनच येतो, तुम्ही "जस्ट स्नॅक्स" म्हटलं तरीही. जेवण द्यायचं नसेल तर ते आमंत्रणातच स्वच्छ सांगा आणि माणशी दहा ते बारा तुकडे धरा. जेवण असेल तर आधीच्या खाण्याचे माणशी पाच-सहा तुकडे पुरतात. त्याहून जास्त दिले की शाकुती उरते.

पेयपान असेल तर जेवण ठरल्या वेळेपेक्षा तासभर लांबतं. काजूच्या हंगामात उराक (काजूच्या फळांची हलकी दारू) ठेवलं असेल तर आणखी थोडं. अशा वेळी आधीचं खाणं दीडपट करा आणि त्यात पोट धरणारं काहीतरी ठेवा: उकडलेले चणे, ओलं खोबरं घातलेली मुगाची उसळ, छोटे कटलेट. नुसते वेफर्स आणि खारे काजू ठेवले तर मीठ वाढतं, तहान वाढते, आणि जेवणाच्या वेळी कुणाला धड भूक नसते.

उभ्याने खायचं असेल तर एका हातात ताटली असते आणि दुसऱ्या हातात पेला. त्यामुळे हाडं, काटे आणि रस्सा या तिन्ही गोष्टी उभ्या पार्टीत अडचणीच्या. हाडाची शाकुती फक्त टेबल-खुर्च्या असतील तरच. उभ्याने असेल तर बिनहाडाच्या कोंबडीचं काफ्रेल (हिरव्या मसाल्यातली कोंबडी) काडीला लावून द्या आणि तोणाक (कडधान्याचा नारळ घातलेला रस्सा) ताटलीऐवजी वाटीत वाढा. पोफळीच्या पानांच्या ताटल्या चांगल्या टिकतात. पातळ कागदी ताटली मात्र रश्श्याने दहा मिनिटांत वाकते.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांची वेळ वेगळी असते. मुलांना सव्वासातलाच काहीतरी हातात द्या: पॅटिस, पाव आणि सुकी बटाट्याची भाजी, केळं. आजी-आजोबांचं पान साडेआठला बसून वाढा. त्यांना रांगेत उभं करू नये.

पदार्थांचे तीन गट

आता यादी घ्या आणि प्रत्येक पदार्थ तीनपैकी एका गटात टाका.

पहिला गट मुरणाऱ्या पदार्थांचा: शाकुती, विंदालू, मिश्र भाज्यांचं खतखतं, चण्याचं किंवा अळसांद्याचं (चवळीचं) तोणाक, लोणची, आणि दोदोल, बेबिंका या गोव्याच्या मिठाया. हे चार-सहा तास आधी, काही तर आदल्या दिवशी केले तर चव उलट वाढते, कारण मसाला आणि आंबट आत शिरायला वेळ मिळतो. खतखत्यातल्या तिरफळाचा वास दुसऱ्या दिवशी जास्त बसतो.

दुसरा गट तासभर टिकणाऱ्यांचा: भात, पुलाव, कटलेट, पॅटिस, काफ्रेल, कोशिंबीर. हे पाहुणे यायच्या सुमारास तयार हवेत आणि झाकून किंवा ओव्हनमध्ये ऊब धरून ठेवता येतात.

तिसरा गट तव्यावरून थेट ताटात जाणाऱ्यांचा: रवा लावलेला मासा, काप, भजी, सुंगटांची फ्राय, रॉस-ऑम्लेट (वर रस्सा ओतलेलं ऑम्लेट). गोव्याच्या दमट हवेत तळलेल्या पदार्थाचा कुरकुरीतपणा पंधरा-वीस मिनिटांत जातो. पावसात त्याहूनही लवकर. हवेतला ओलावा वरून येतो आणि आतल्या मासळीची वाफ आतून, मध्ये रवा भिजतो. डब्यात झाकून ठेवलं तर पाचच मिनिटं लागतात. म्हणून तळलेलं कधीही झाकू नका. जाळीवर उभं ठेवा, एकावर एक रचू नका.

नियम असा धरा: तिसऱ्या गटातला एकच प्रकार, दुसऱ्यातले दोन-तीन, बाकी सगळं पहिल्यातलं. तिसऱ्या गटातले दोन पदार्थ हवेच असतील तर एकाच पद्धतीचे निवडा. इसवणाची रवा फ्राय आणि सुरणाचे काप दोन्ही रव्यात घोळवून तव्यावरच होतात, त्यामुळे एकच माणूस शेजारी-शेजारी दोन तवे सांभाळू शकतो, एक शाकाहारी आणि एक मासळीचा. मासा तव्यावर आणि भजी कढईत, असं केलंत तर दोन माणसं, दोन तापमानं आणि दोन तेलं सांभाळावी लागतील.

तव्याचा आणि नारळाचा हिशोब

हे दोन हिशोब कागदावर मांडले की यादी आपोआप आखडते.

बारा इंची तव्यावर इसवणाचे सहा तुकडे सुटसुटीत बसतात. बोटाएवढ्या जाडीचा, म्हणजे साधारण एक ते सव्वा सेंटीमीटरचा तुकडा मध्यम आचेवर एका बाजूने तीन ते चार मिनिटं घेतो. उलटणं, काढणं, तवा पुसणं धरून एका घाण्याला आठ मिनिटं. तीस तुकडे म्हणजे पाच घाणे, चाळीस मिनिटं. हा वेळ तुमच्याकडे नसेल तर दुसरा तवा घ्या किंवा मासा फक्त काहींना द्या. घाई करून तव्यावर दहा तुकडे दाबून बसवले तर तव्याचं तापमान उतरतं, मासा पाणी सोडतो, रवा तेल पितो आणि उलटताना साल तव्यालाच चिकटून राहते.

भजीचंही तसंच. दीड लिटर तेलाच्या कढईत एका वेळी आठ-दहा मिरच्यांची भजी, पाच मिनिटांचा घाणा. साठ भज्यांना अर्धा तास आणि त्या अर्ध्या तासात तो माणूस दुसरं काहीच करू शकत नाही.

नारळाचा हिशोब तर बहुतेक कुणी करतच नाही. पंचवीस माणसांसाठी शाकुतीला तीन नारळ, तोणाकाला दोन, चार लिटर सोलकढीला सहा-सात, मणगण्याला चार. पंधरा-सोळा नारळ खवायचे आणि वाटायचे. घरचा मिक्सर सलग इतकं वाटण काढत नाही, तापून बंद पडतो, आणि तो सकाळी नव्हे, संध्याकाळी पाचला बंद पडतो. शिवाय पानातलं सगळंच नारळाच्या रसात असलं की चव एकसारखी होते आणि जेवण जड पडतं. म्हणून नारळ दोन पदार्थांत ठेवा. शाकुती आणि तोणाक नारळाचे असतील तर कढी फुटी करा, म्हणजे नुसत्या सोलांची (कोकमाच्या सुकवलेल्या सालींची), नारळाचा रस न घालता. मसालेदार जेवणावर ती हलकी लागते, आणि बाहेर ठेवली तरी सोलकढीसारखी लवकर नासत नाही.

सोलकढी हवीच असेल तर शाकुती काढा आणि काफ्रेल ठेवा. काफ्रेलात कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण, मिरी-दालचिनी आणि विनेगर किंवा लिंबू असतं, नारळ नसतो.

पंचवीस माणसांचा एक बेत

शनिवारची संध्याकाळ, सातचं आमंत्रण, जेवण पावणेनऊला. अठरा मोठी माणसं, सात मुलं. एकूण पाच जण शाकाहारी, त्यांत एक मूल. म्हणजे सामिष खाणारी चौदा मोठी आणि सहा मुलं. बसायला जागा आहे. शनिवार सोयीचा, कारण आदल्या दिवशी म्हापशाला शुक्रवारचा बाजार असतो: सोलां, सुक्या मिरच्या, अळसांदे, सुरण सगळं एका फेरीत मिळतं.

आल्या-आल्या कोकम सरबत, माणशी २०० मिलिलिटर धरून पाच लिटर. मुलांसाठी बेकरीतले भाजीचे पॅटिस दहा. मोठ्यांना सुरणाचे काप आणि इसवण तव्यावरून. जेवणात चिकन शाकुती, अळसांद्याचं तोणाक, उंडे आणि पोयो हे गोव्याचे पाव, भात, काकडी-कांद्याची कोशिंबीर, फुटी कढी. गोडाला दोदोल, बाहेरून आणलेलं.

कोंबडी हाडासकट मोठ्या माणसाला २०० ग्रॅम, मुलाला १०० ग्रॅम. चौदा आणि सहा मिळून ३ किलो ४०० होतात, ३.५ किलो घ्या. हे स्वच्छ करून कापलेलं वजन आहे. दुकानात जिवंत कोंबडीचं वजन लावत असतील तर साफ केल्यावर साधारण दोन-तृतीयांशच उरतं, त्या मानाने सांगा.

इसवणाचे ८० ग्रॅमचे २८ तुकडे हवेत, म्हणजे सव्वादोन किलो. डोकं, शेपटी, आतडी जाऊन तुकड्यांत साधारण ६५ टक्के उरतं, तेव्हा अख्खा मासा साडेतीन किलोचा. डोकं टाकू नका, दुसऱ्या दिवशीच्या हुमणाला (माशाच्या कढीला) लागतं. पार्टीसाठी इसवण निवडण्याचं कारण काटा: मधला एक मोठा काटा सोडला की बाकी मांस मोकळं. वेर्ल्या किंवा मुडदुशा चवीला कितीही गोड असल्या तरी गप्पांच्या भरात, कमी उजेडात, मुलांच्या हातात त्या देऊ नयेत.

अळसांदे कोरडे माणशी ४० ग्रॅम, एक किलो. भिजून-शिजून ते दुपटीहून थोडे जास्त होतात. सुरण सालासकट दोन किलो, अर्धा सेंटीमीटर जाडीचे सत्तर ते पंचाहत्तर काप निघतात, म्हणजे माणशी तीन. तांदूळ माणशी ७० ग्रॅम, पावणेदोन किलो. पाव नसता तर १०० ग्रॅम धरावे लागले असते. उंडे साठ आणि पोयो दहा. फुटी कढी चार लिटर, त्याला १०० ग्रॅम सोलां. दोदोल सव्वा किलो, कारण ते तेलकट-गोड असतं आणि ५० ग्रॅमच्या वर कुणी सहसा खात नाही. प्यायचं पाणी माणशी एक लिटर, बर्फ आठ ते दहा किलो. बर्फ घरच्या फ्रीजमध्ये जमत नाही. विकत आणून थर्माकोलच्या पेटीत ठेवा, तीच पेटी मासळी गार ठेवायलाही लागेल. मात्र पेल्यात घालायचा बर्फ आणि मासळीचा बर्फ एकत्र नको, दोन पेट्या घ्या.

पोदेराला (पाववाल्याला) दोन दिवस आधी सांगा. संध्याकाळच्या फेरीला तो नेहमीच्या गिऱ्हाइकांपुरतेच पाव घेऊन येतो, ऐनवेळी साठ उंडे त्याच्याकडे नसतात. पाव आले की सुती कपड्यात गुंडाळून टोपलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले तर घाम धरतात आणि वरची साल चामड्यासारखी होते. वाढायच्या आधी पाण्याचा हलका हबका मारून ओव्हनमध्ये पाच मिनिटं किंवा झाकलेल्या तव्यावर दोन-दोन मिनिटं.

घड्याळ

गुरुवारी पोदेर, पॅटिस, दोदोल यांना सांगून ठेवायचं आणि गॅसची टाकी उचलून पाहायची. हलकी लागली तर दुसरी भरलेली हवी.

शुक्रवारी बाजार. रात्री अळसांदे भिजत घालायचे. मे महिन्यात रात्रभर उघड्यावर ठेवलेलं पाणी सकाळपर्यंत आंबतं, फेस येतो. भांडं फ्रीजमध्ये ठेवा किंवा सहा तासांनी उपसून घ्या. शाकुतीचा कोरडा मसाला भाजून घ्या: धणे, मिरच्या, खसखस, मिरी, लवंग, दालचिनी, चक्रीफूल. खोबरं मात्र शनिवारीच भाजा. भाजलेलं खोबरं तेल सुटून रात्रभरात खवट वास धरू लागतं.

शनिवारी सकाळी मासळी आणि कोंबडी. मासळी धुऊन बर्फावर, मीठ-मसाला आताच नाही. दहाला शाकुतीचं खोबरं आणि कांदा भाजायला घ्या. खोबरं मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत, पंचवीस मिनिटं हलवत राहा. इथे आच मोठी केली की बाहेरून काळं, आतून कच्चं राहतं आणि रस्सा कडू होतो. मग तो गुळाने, टोमॅटोने, कशानेच सुधारत नाही. साडेबारापर्यंत शाकुती झाली पाहिजे.

दुपारी तोणाक. अळसांदे पूर्ण मऊ शिजल्यावरच मीठ, सोलां आणि वाटण घाला. आंबट आधी पडलं तर साल आवळते आणि दाणे तासभर उकळूनही टचटचीत राहतात. साडेतीनपर्यंत हे संपवा आणि कढीसाठी सोलां गरम पाण्यात टाका. अर्ध्या तासाने कुस्करून गाळा. हिंग, ठेचलेली हिरवी मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर साखर घाला. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून, कारण सोलांना आधीच मीठ लावलेलं असतं.

पाचला सुरण. साल काढताना हाताला खोबरेल लावा, काप केले की सोलांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा. सुरणातले सुईसारखे स्फटिक घशाला खाजवतात, आंबटाने तो त्रास कमी होतो. हा टप्पा वगळला तर पाहुणे घसा खाकरत बसतात. नीरफणस असेल तर चिरल्या-चिरल्या पाण्यात टाका, नाहीतर काळा पडतो.

सहाला तुमची आंघोळ, कपडे आणि टेबल. ही वेळ वेळापत्रकात लिहूनच ठेवा.

पावणेसातला माशाला मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि सोलांचा आगळ (घट्ट अर्क). वीस ते तीस मिनिटं पुरतात. लिंबू किंवा विनेगर लावून दोन-तीन तास ठेवलं तर मांस वरून पांढरं पडतं, तुकडा तव्यावर फुटतो. रवा तव्यावर टाकायच्या क्षणी लावायचा. आधी घोळवून ताटात रचून ठेवला की तो माशाचं पाणी शोषून लापशी होतो. बारीक रव्यात चौथा हिस्सा तांदळाचं पीठ मिसळलं तर आवरण जास्त वेळ खडखडीत राहतं.

सव्वासातला काप सुरू. पहिलं ताट साडेसातला बाहेर जाईल, आणि तेव्हाच निम्मे पाहुणे आलेले असतील. सातला काहीही तळू नका, त्या वेळी घरात फक्त वेळेवर येणारे चार जण असतात. काप आणि मासा घाण्यामागून घाणा असे सव्वाआठ-साडेआठपर्यंत चालतात. सव्वाआठला एका मोकळ्या शेगडीवर भात. दोनच शेगड्या आणि दोन तवे असतील तर तिसरी लहान शेगडी शेजारून मागून आणा, किंवा भात इलेक्ट्रिक कुकरमध्ये लावा. उकड्या तांदळाचा भात करणार असाल तर तो जास्त वेळ घेतो, पण मोकळा राहतो आणि उशिरा जेवणाऱ्यांपर्यंत टिकतो. सुरय (न उकडलेल्या) तांदळाचा भात तासाभरात गोळा व्हायला लागतो.

साडेआठला शाकुती आणि तोणाक खदखदून उकळी येईपर्यंत गरम करा. कडेने बुडबुडे आले म्हणजे झालं असं नाही, मधोमध उकळी फुटली पाहिजे. पावणेनऊला पान.

उकाड्यात काय नासतं

गोव्यात ऑक्टोबर असो की मे, संध्याकाळी सातलाही स्वयंपाकघरात तीस अंशांच्या आसपास असतं. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जिवाणू भराभर वाढतात. शिजवलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू देऊ नये, फार उकाडा असेल तर एकच तास. दुपारी साडेबाराला झालेली शाकुती रात्रीपर्यंत ओट्यावर झाकून ठेवणं हे घरोघरी होतं आणि पोट बिघडण्याचं ते मोठं कारण आहे. मोठं पातेलं आतून चार-पाच तास कोमट राहतं. शाकुती दोन-तीन पसरट भांड्यांत ओता, गार पाण्याच्या परातीत ठेवून वाफ घालवा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये सारा. तोणाकालाही हेच.

नारळाचा रस सगळ्यात नाजूक. सोलकढी करणार असाल तर रस आणि आगळ वेगवेगळे फ्रीजमध्ये ठेवा, वाढायच्या तासभर आधीच मिसळा आणि बर्फात बसवलेल्या भांड्यातून द्या.

भाताबद्दल गैरसमज आहे की पुन्हा गरम केला की चालतो. कच्च्या तांदळावरच्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. पाचला भात करून ठेवू नका.

बांगडे निवडले असतील तर ते सकाळपासून बर्फातच हवेत. बांगडा, टूना यांसारख्या माशांत उबेला हिस्टामिन तयार होतं. तळल्याने ते नाहीसं होत नाही आणि खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं असा त्रास होतो. वासावरून ते नेहमी कळतंच असं नाही.

सगळं शाकाहारी असेल तेव्हा

श्रावणातल्या किंवा सोमवारच्या पार्टीत लोक पनीरकडे वळतात. तसं करण्याची गरज नाही. खतखतं, मूग-गाठी, अळंबीची किंवा काबुली चण्याची शाकुती, काप आणि पुऱ्या हा बेत कुणालाही उणा वाटत नाही. खतखत्यात भाज्या शिजण्याच्या क्रमाने घाला: सुरण, कणगी, कच्ची केळी आधी, लाल भोपळा आणि दोडका शेवटी. एकदम घातल्या तर भोपळ्याचा लगदा होऊन सगळं एकरंगी दिसतं. तिरफळं आठ-दहा, किंचित ठेचून, बिया काढून. कांदा-लसूण न खाणारे असतील तर खतखतं त्यांना तसंच चालतं, वेगळं काही करावं लागत नाही. मणगणं करायची हीच वेळ. त्यातही चण्याची डाळ मऊ झाल्यावरच गूळ घालायचा, कारण गुळात ती पुढे शिजत नाही, आणि नारळाचा जाड रस शेवटी, उकळी न आणता, नाहीतर फुटतो.

उरलेलं

जेवणं साडेदहाला आटोपली की टेबलावर राहिलेलं आणि आत पातेल्यात राहिलेलं एकत्र करू नका. पातेल्यातली शाकुती, तोणाक उकळून, पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये, दोन दिवसांत संपवा. टेबलावर दोन तास उघडा राहिलेला भात टाकून द्या. तळलेला मासा त्याच रात्री वाटून टाका. दोदोल आणि बेबिंका बंद डब्यात टिकतात. उरलेले उंडे सकाळी चिरून तव्यावर तुपात परता आणि तोणाकाबरोबर खा. आणि कागदावर, पदार्थासमोर, किती उरलं ते लिहून तो कागद डब्यात जपून ठेवा. पुढच्या पार्टीत तांदूळ पावणेदोन किलो घ्यायचे की दीड, ते त्यावरून कळेल.